झोपलेल्यांची रांग

ट्रकच्या बाजूच्या आरशात बघत त्याने डावा गाल तासला आणि उजव्या गालाला रेझर लावणार, तेवढ्यात गोदामाच्या आवारातला भोंगा खरखरला.

"फोर्कलिफ्ट बंद पडली आहे. मेकॅनिक येतोय. ड्रायव्हर लोकांनी आपापल्या गाडीजवळच थांबावं."

त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. अर्धी साबणाच्या फेसात विरली, उरलेली त्याच्या पुढच्याच ट्रकमधल्या ताईने ऐकली. एवढ्या मोठ्या रांगेत ती एकटीच बाई ड्रायव्हर, आणि तिचे कान फार तिखट होते.

"लग्नघरच्या माणसानं सकाळी सकाळी असं बोलू नये हो," ती केबिनच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाली. "नवरदेव रागावले वाटतं!"

"नवरदेव मी नाही. किती वेळा सांगू? लग्न माझ्या आईचं आहे."

ताईला हे कालपासून ठाऊक होतं. पण ते त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकण्यात तिला मजा वाटत होती. हसण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून तोही चिडल्याचं नुसतं नाटक करत होता.

रांगेत सगळे त्याला पाहुणा म्हणत. हे नाव मुळात आईने दिलेलं. महिनोन्‌महिने रस्त्यावर काढून तो घरी उगवला, की ती दारातच म्हणायची, "या पाहुणे, वाट चुकलात का?" ही गोष्ट त्याने कधीतरी एका पेट्रोल पंपावर हसत हसत सांगितली. झालं! तो पुढच्या पंपावर पोचायच्या आधी नाव तिथे पोचलेलं.

आणि नावात खोटं तरी काय होतं? बहिणीच्या लग्नाला तो मांडव उतरवायच्या वेळी पोचला होता. वडील गेले तेव्हा सगळं आटोपल्यावर. प्रत्येक वेळी कारण एकच, गाडी अडकली. कधी पुलावर, कधी नाक्यावर, बहुतेक वेळा अशाच एखाद्या गोदामाच्या दारात. कारण दर वेळी खरं होतं, पण तेच ते ऐकून नातेवाइकांचे कान किटले होते. त्याने "गाडी" एवढं म्हटलं की समोरचा माणूस "अडकली" म्हणून मोकळा व्हायचा.

त्यात दोन महिन्यांपूर्वीचा तो फोन. तो घाट चढत होता. आईने आधी हवापाणी विचारलं, जेवलास का विचारलं, आणि मग एका दमात सांगून टाकलं की कोपऱ्यावरच्या दुकानातले घड्याळवाले आणि ती, दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. तो क्षणभर गप्पच झाला. मग त्याला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की स्टिअरिंगवर हात मारून तो ओरडला, "अगं आई, भले शाबास!" पण तोपर्यंत पुढचं वळण आलं होतं आणि फोनची रेंज गेली होती. तिला ऐकू आली ती फक्त शांतता आणि मग तुटलेला फोन. घाट उतरून त्याने लागलीच फोन लावला, रेंज गेली होती म्हणून शपथेवर सांगितलं. आई "बरं, बरं" म्हणाली. ते "बरं, बरं" त्याच्या छातीत अजून टोचत होतं.

आज दुपारी नोंदणी कार्यालयात सह्या व्हायच्या होत्या. आईच्या बाजूचा साक्षीदार तो. घर इथून फार तर दीड तासाच्या रस्त्यावर. आणि तो इथे, अर्ध्या गालावर फेस घेऊन उभा.

उरलेला गाल त्याने कसाबसा उरकला. केबिनमध्ये हँगरला लावलेला नवा पांढरा शर्ट होता, त्याच्याकडे न बघता जुनाच अंगात चढवला आणि रांगेच्या पुढच्या टोकाकडे निघाला. त्याच्या पुढे सात गाड्या होत्या, मागे गेटपर्यंत आणखी तितक्याच. फोर्कलिफ्ट चालू असती तरी त्याची पाळी संध्याकाळी आली असती. भरलेली गाडी सोडून जायची सोय नव्हती. नंबर पुकारला की ज्या ड्रायव्हरचं नाव कागदावर त्यानेच खिडकीशी यायचं, त्याच्यासमोरच सील तोडायचं, असा इथला नियम होता. मालकाला सकाळीच फोन केला होता. मालक म्हणाला, "अरे जा की लग्नाला! गाडी तेवढी रिकामी कर आणि जा, तुला कोण अडवतंय?" यावर काय बोलणार, कपाळ!

खिडकीवाला टेबलावर डबा उघडून बसला होता. पाहुण्याने काचेच्या भोकाला तोंड लावून सगळं सांगितलं, आई, घड्याळवाले, सही, सगळं. खिडकीवाल्याने चमचा खाली ठेवला. ऐकून घेतलं हे त्याचं मोठेपण.

"मला कळतंय," तो म्हणाला. "पण नंबर पुढे घ्यायचा अधिकार मला नाही. वर कॅमेरा आहे. उद्या मलाच विचारतील, याला का आधी घेतलं?"

"मग काहीच होणार नाही?"

"माझ्या हातात एवढंच. नंबर पुकारायचा, तीनदा. ड्रायव्हर आला तर त्याची गाडी माल उतरवायच्या शटरला. नाही आला तर नंबर रांगेच्या शेवटी. तुझ्याआधीचे सात जण काय आंधळे-बहिरे आहेत का? आज तीन दिवस कानात प्राण आणून बसलेत सगळे."

आणि ते खरंच होतं. या आवारात माणूस अंघोळीला जातानासुद्धा शेजाऱ्याला सांगून जायचा, "माझा नंबर आला तर बोंब मार." एकदा चुकला की पुन्हा दिवसभराची तपश्चर्या.

रांगेत पहिली गाडी होती फौजदाराची. तो पोलिसात कधीच नव्हता, पण कुठल्याही गोदामात गेला की रांगेची व्यवस्था आपोआप त्याच्या ताब्यात जायची. कालच एक टँकरवाला ओळख काढून मध्ये घुसू बघत होता. फौजदाराने त्याच्या बंपरसमोर खुर्ची टाकली आणि तिच्यावर बसून शांतपणे कांदा कापायला घेतला. कांदा संपेपर्यंत टँकर मागे गेला होता. असल्या माणसाकडे काय म्हणून जायचं? तरी पाहुणा गेला. आईसाठी माणूस कुठेही जातो.

फौजदार टायरच्या सावलीत पाय पसरून बसला होता. सगळं ऐकेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"आई काय करते?"

"शिवणकाम करायची. आता डोळे साथ देत नाहीत."

"आणि तो घड्याळवाला?"

"माणूस चांगला आहे. कमी बोलतो."

"हूं," फौजदार म्हणाला. "ऐक. बत्तीस वर्षं गाडी चालवतोय, आजवर एकालाही रांगेत पुढे सोडलेलं नाही. सख्ख्या भावाला सोडलं नाही, अजून अबोला आहे आमच्यात. तुला सोडलं तर त्याला काय तोंड दाखवू?"

"बरोबर आहे तुमचं," पाहुणा म्हणाला, आणि त्याला मनापासून ते बरोबरच वाटत होतं. उद्या दुसऱ्या कुणाची आई आजारी असेल, परवा कुणाचं पोर पडलेलं असेल. रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी काही ना काही चाललेलंच असतं.

तो आपल्या गाडीपाशी परतला तेव्हा फोन वाजत होता.

"निघालास का रे?" आईने विचारलं.

"निघतोच आहे."

"म्हणजे नाही निघालास."

तो काही बोलायच्या आत तिच्या हातातून फोन मामाने घेतला. "काय, गाडी अडकली ना? अरे, यायचं नसेल तर सरळ तसं सांग! त्या बिचाऱ्या गाडीला कशाला बदनाम करतोस?"

"मामा, आईच्या गळ्याची शपथ…"

"शपथ नको घेऊस. इकडे ती सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली आहे."

पुन्हा आईचा आवाज आला. शांत होता, म्हणून जास्त लागला. "हे बघ बाळा, मी रागावले नाही. पण तू नसलास तर मी सही करायची नाही, असं मी यांना सांगितलंय. हा हट्ट नव्हे. मुलाचं मन मोडून या वयात मला काही नको. राहू दे मग, आहे तसं बरं आहे."

फोन बंद झाला. या वेळी रेंज गेली नव्हती. पाहुणा पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजची तारीख टळली की आई पुन्हा तारीख घेणार नाही, हे तो तिच्या आवाजावरून समजून चुकला होता. ती पुन्हा एकटीच्या स्वयंपाकाला लागेल, आणि कुणी विचारलं तर सांगेल की पोराची गाडी अडकली. सगळ्या जगाला वाटेल की पोराने अडवलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिलाही तेच वाटेल.

ताई वरून सगळं ऐकत होती. ती खाली उतरली आणि पुढच्या गाड्यांच्या दिशेने निघून गेली. बाईला तरी काय बोलायचं सुचणार, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळाने फोर्कलिफ्ट खोकत खोकत चालू झाली. रांगेत हालचाल व्हायला हवी होती, आरडाओरडा, इंजिनांचा आवाज. काहीच झालं नाही.

"नंबर नऊ," भोंगा म्हणाला. नऊ म्हणजे फौजदार. "नंबर नऊ, खिडकीपाशी या."

कुणी आलं नाही.

पाहुण्याने मान उंच करून पुढे पाहिलं. म्हाताऱ्याला काही झालं की काय? की तोंड धुवायला गेला आणि राहिला? आपलं दुःख बाजूला टाकून तो धावत सुटला, फौजदाराच्या पायरीवर चढला आणि दारावर थापा मारू लागला.

"अहो, उठा! तुमचा नंबर पुकारला! दोनदा झाला!"

फौजदार सीटवर आडवा होता. दोन्ही हात पोटावर, डोळे गच्च मिटलेले. इतके गच्च की कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"झोपलेल्या माणसाला उठवू नये," तो डोळे न उघडता म्हणाला. "एवढंही आईनं शिकवलं नाही का रे तुला?"

"अहो, पण नंबर जाईल!"

"मी कुणाला पुढे सोडत नाही, हे तुला सांगितलंय. पण झोप लागली तर माणूस काय करणार? वय झालं. जा आता, दार हळू लाव."

"नंबर नऊ, तिसरी हाक," भोंगा म्हणाला. मग थोडं थांबून, "नंबर नऊ शेवटी. नंबर दहा."

दहा नंबरच्या गाडीचा पडदा ओढलेला होता, आणि आतून घोरण्याचा आवाज येत होता. एवढं मोठं घोरणं जन्मात कुणाला जमलं नसेल, मध्येच त्याला हसूही फुटत होतं. अकरा नंबरवाल्याने तोंडावर टॉवेल घेतला होता. बारा नंबरचा तर चाकाला टेकून उभ्या उभ्याच झोपला होता, हातात पेटती विडी धरून. पाहुणा एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे नुसता बघत राहिला. त्याला कळलं होतं, आणि कळलेलं झेपत नव्हतं.

तीन दिवस! तीन दिवस ही माणसं इथे उन्हात भाजत होती. प्रत्येकाचं घर कुठेतरी वाट बघत होतं.

त्याने ताईच्या दारावर हात ठेवला. "ताई, अगं तुझं पोरगं लहान आहे. तू तरी…"

"मीही झोपले आहे," आतून आवाज आला. "आणि शर्ट बदल. नवा हँगरला ठेवून काय त्याची पूजा करणार आहेस?"

भोंग्याच्या हाका आता भराभर येऊ लागल्या. एका नंबरच्या तिन्ही हाका खिडकीवाल्याने एका श्वासात संपवल्या. कॅमेऱ्याला ऐकू येत नसावं. शेवटी त्याने घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "नंबर सोळा."

"आलो!" पाहुणा ओरडला. सगळ्या आवारात त्याचा एकट्याचाच आवाज घुमला.

माल उतरवणाऱ्यांना काय झालं होतं कोण जाणे, इतकी भरभर गाडी रिकामी झालेली त्याने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कागदावर शिक्का मारून खिडकीवाल्याने तो बाहेर सरकवला आणि मान वर न करता म्हणाला, "शर्टाची बटणं वर-खाली लागलीत." गेटकडे जाताना पाहुण्याने झोपलेल्यांच्या रांगेशेजारून गाडी अगदी हळू नेली. हॉर्न वाजवायचा मोह आवरला, कुणाची झोप मोडायला नको म्हणून. फौजदाराच्या खिडकीतून एक उघडा पाय बाहेर आला होता. त्याचा अंगठा दोनदा हलला.

कार्यालयाच्या गल्लीत ट्रक शिरणं शक्य नव्हतं. त्याने तो बाजाराच्या तोंडाशी लावला आणि पळत सुटला. जिन्यावर मामा उभा होता, रस्त्याकडे पाठ करून. फोनवर कुणाला तरी सांगत होता, "नाही हो, तो कसला येतोय! गाडी अडकली असेल, दुसरं काय."

"नाही अडकली, मामा," पाहुणा धापा टाकत म्हणाला आणि त्याला बाजूला सारून वर गेला.

आई खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. पर्स मांडीवर घट्ट धरलेली, उठून घरी जायच्या तयारीने. कारकून टेबल आवरत होता. तिने मान वळवली. क्षणभर तिने त्याला ओळखलंच नाही, वेळेवर आलेला मुलगा तिने कधी पाहिला नव्हता. मग पर्स खाली पडली.

"रेंज गेली होती, आई," तो म्हणाला. इतक्या घाईत, इतक्या लोकांत त्याला तेवढंच सुचलं. "तेव्हा घाटात. मी शाबास म्हणालो होतो. खूप मोठ्यांदा म्हणालो होतो, तुला ऐकूच गेलं नाही."

आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. एका गालाला साबण वाळून चिकटला होता, तो तिने अंगठ्याने पुसून काढला. "वेडा," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

घड्याळवाले उठून उभे राहिले. आपल्या मनगटाकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अगदी वेळेवर आलात."

त्याला हे वाक्य आजवर कुणी म्हटलं नव्हतं. साक्षीदाराच्या जागी त्याने सही इतकी वेडीवाकडी केली की कारकुनाने विचारलं, सही नेहमी अशीच असते ना? मामाने मागून खणखणीत आवाजात सांगितलं, "लिहून घ्या साहेब, भाचा माझा आहे, मी ओळखतो." आणि रुमालात नाक शिंकरलं.

खाली उतरल्यावर आईने विचारलं, "पण तू सुटलास कसा?"

त्याने सांगितलं. मामा पोट धरून हसला. घड्याळवाल्यांनी चष्मा काढून पुसला. आई मात्र हसली नाही. "मला त्या माणसांना बघायचंय," ती म्हणाली. "आत्ता."

"अगं, आज? हॉटेलात जेवायला जायचं ठरलंय ना?"

"जेवण काय पळून जातंय? आणि एवढी वर्षं तू ती गाडी चालवतोस, एकदा तरी बसवलंस का मला तिच्यात?"

मग काय! नवी नवरी लुगडं सावरत ट्रकच्या पायऱ्या चढली, खालून मामाने टेकू दिला, वरून नवरदेवाने हात दिला. मिठाईचा मोठा खोका मांडीवर घेऊन आई दोघांच्या मध्ये बसली. रिकामी गाडी रस्त्यावर उड्या मारत होती आणि प्रत्येक उडीला आई "अगं बाई!" म्हणत होती. हॉर्नची दोरी तिला दिसली तेव्हा तिने ती ओढून पाहिली. मग वाटेत बरेचदा ओढली. घड्याळवाले एका हाताने दाराची कडी धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा दिवे लागल्यासारखा झाला होता.

ते गोदामात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मागच्या गाड्या रिकाम्या होऊन निघून गेल्या होत्या, आणि दुपारी झोपलेली मंडळी नव्याने रांगेला लागली होती. ताई पाना घेऊन टायरशी बसली होती. आईला बघून ती उठली, हात पँटला पुसले. आईने खोका घड्याळवाल्यांच्या हातात दिला आणि तिला कडकडून मिठी मारली.

तेवढ्यात भोंगा खरखरला. "नंबर नऊ. खिडकीपाशी या."

सगळ्यांनी पुढच्या गाडीकडे पाहिलं. कुणी उतरलं नाही.

"नंबर नऊ, दुसरी हाक."

पाहुणा पायरीवर चढून आत डोकावला. फौजदार स्टिअरिंगवर गाल टेकून पडला होता. तोंड उघडं, कपाळावर एकही आठी नाही. तीन रात्रींची खरीखुरी झोप एकदम येऊन त्याच्यावर कोसळली होती.

"अगं आई, हा तर खरंच झोपलाय!"

"सरक," आई म्हणाली.

तिने लुगड्याचा काठ कमरेला खोचला, पायरीवर चढली आणि दारावर दोन्ही मुठींनी दणादण मारायला सुरुवात केली. "अहो फौजदार! उठा! उठा म्हणते ना, नंबर आला तुमचा!" हातातल्या नव्या बांगड्या पत्र्यावर खळाखळा वाजत होत्या. मागे ताईने हॉर्नवर हात ठेवला, मग दहा नंबरवाल्याने, मग अकराने, आणि सगळ्या आवारात एकच कल्लोळ उठला. खिडकीवाला तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडून बसला होता, आणि काही केल्या हाक मारत नव्हता.

फौजदार दचकून उठला. समोर काचेत एक अनोळखी बाई, नवं लुगडं नेसलेली, रागाने लाल झालेली. तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

"कोण तुम्ही?"

"नंतर सांगते," आई म्हणाली. "आधी गाडी शटरला लावा."